आकृती तीन पाहा

जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात मी प्रूफं तपासायचे. डावीकडे लेखकाची मूळ प्रत, उजवीकडे छापलेला कागद आणि हातात लाल पेन. प्रतीत असेल तेच छापात आलं पाहिजे, कमी नको की जास्त नको. मजकूर खरा की खोटा हे बघणं माझं काम नव्हतं. एका भूगोलाच्या पुस्तकात नदी चक्क डोंगर चढून गेली होती, आणि तीही मूळ प्रतीतच. मी तिला चढू दिली. साहेब म्हणायचे, प्रतीला धरून राहणारं असं माणूस दुसरं मिळायचं नाही.

अशा माझ्या घरात सून आली ती रसायनशास्त्र शिकवणारी. माझा छापलेल्या अक्षरावर विश्वास, हिचा कशावरच नाही. मी वर्तमानपत्रातलं काही कौतुकाने वाचून दाखवावं, तर ही भाजी चिरता चिरता विचारणार, "आई, कोणी करून बघितलंय का ते?" आणि तिचं ते "नाही"! तोंडावर दार लावल्यासारखं. "नाही आई, असं नसतं." शाळेतली मुलं तिला मागून "नाहीबाई" म्हणायची. मीही मनातल्या मनात म्हणायचे. आमचं गूळपीठ होतं असं कोणी समजू नये. एका स्वयंपाकघरात दोन तपासनीस होते, भांड्याला भांडं लागायचंच.

मग एका सकाळी केस विंचरताना तिच्या हातातून फणी पडली. फणी उचलायला म्हणून वाकली ती उठलीच नाही. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. म्हणजे अगदीच गेले नाहीत, पण हवा तो शब्द हव्या त्या वेळी सापडेना. पाणी हवं असलं तर ती "खुर्ची" म्हणायची. डोळ्यांवर ऊन आलं तरी खुर्ची. अडलं की खुर्ची. आपण चुकीचं बोललो हे तिला त्याच क्षणी कळायचं आणि डोळे भरून यायचे. डॉक्टर म्हणाले, "अक्कल शाबूत आहे. शब्दांचं कपाट तेवढं उलटंपालटं झालंय." समोर लिहिलेलं असलं तर ती बरं वाचायची, पाठ झालेलं त्याहून बरं म्हणायची. स्वतःच्या मनातलं सांगायला गेली की कपाट कोसळायचं.

शाळेच्या मोठ्या बाई घरी येऊन गेल्या. बाई मनाने चांगल्या, पण त्यांच्याही डोक्यावर माणसं आहेत. म्हणाल्या, "नवीन वर्ष सुरू व्हायच्या आत एक पाठ घ्यावा लागेल. खऱ्या वर्गावर, समितीसमोर. साधासा प्रयोग निवडा. त्यांनी तो स्वतः करायचा आणि मुलांना समजेल असं तोंडाने सांगायचं. मदतीला कोणी नाही. जमलं तर जागा त्यांचीच. नाही जमलं तर..." पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

सूनबाई ऐकत होती. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिने पहिली खूण केली होती ती डाव्या हाताने हवेत लिहिल्याची. माझा मुलगा कागद-पेन घेऊन धावला. तिने मान हलवली. तिला कागद नको होता, फळा हवा होता. तो तिला परत मिळवून द्यायचा, एवढंच आता घरात सगळ्यांच्या डोक्यात होतं.

आमचे चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर लोकांना वर-खाली करून घरी आले की आडवे. तेव्हा तिचा सराव घ्यायचं काम माझ्याकडे आलं. रसायनशास्त्राच्या बाईंची तपासणी करणार कोण, तर अल्कली खायचं असतं की प्यायचं हेही जिला ठाऊक नाही ती मी! बोलायचे उपचार करणारी मुलगी आठवड्यातून येऊन जायची. तिने मला सांगून ठेवलं होतं, "त्या चुकल्या तर रागावू नका. बरोबर वाक्य पुन्हा द्या. पुन्हा पुन्हा द्या. बसेल."

प्रयोग तिनेच निवडला. पाठ्यपुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते आणि ताटलीतलं पाणी ग्लासात वर चढतं. का चढतं? ते काही पुस्तकात नव्हतं. हल्लीची पुस्तकं उत्तर देत नाहीत. खाली छापलं होतं, "पाणी का चढले? मित्रांशी चर्चा करा." माझ्या मैत्रिणी गुडघ्यांपलीकडे कशाची चर्चा करत नाहीत. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारावं तर तेच समितीत बसणार होते.

माझी खरी अडचण वेगळीच होती. ती काही चुकीचं बोलली, तर तो शब्द घसरला की तिचं ज्ञानच पुसलं गेलं, हे मला कळणार कसं? त्यासाठी हाताशी एक भरवशाची मूळ प्रत हवी होती. राहता राहिला मोबाईल.

शोधायला बसले आणि माझ्या नाकी नऊ आले. पहिला मास्तर ओरडतच आला, "नमस्कार मित्रांनो!" आधी त्याने मला कसलंसं बटण दाबायला लावलं, मग केसांच्या तेलाची जाहिरात दाखवली, आणि मेणबत्ती पेटवेपर्यंत माझा डोळा लागला. दुसरीकडे धडे चांगले दिसत होते, पण उघडायला जन्मतारीख मागितली. दिली, तर म्हणे ही तारीख ग्राह्य नाही. तिसऱ्या ठिकाणी प्रश्न होते आणि उत्तरांवर कुलूप होतं. चौथ्या ठिकाणी उत्तर होतं, पण त्याच्यावर नाचणारी चपलांची जाहिरात काही केल्या बाजूला होईना.

मुलाने मग मला मोबाईलमध्येच ते विचारलं की उत्तरं देणारं यंत्र लावून दिलं. तोवर दोन-तीन ठिकाणी ऑक्सिजनचं नाव वाचलं होतं, म्हणून विचारलं, "ऑक्सिजन संपतो म्हणून पाणी चढतं ना?" म्हणालं, "अगदी बरोबर!" तपासायची खोड जात नाही. मी फिरवून विचारलं, "की हवा तापते म्हणून?" म्हणालं, "छान निरीक्षण! तुमचं म्हणणं योग्य आहे." मी म्हटलं, "की आज मंगळवार आहे म्हणून?" तर मंगळवारचंही त्याला कौतुकच. नंदीबैल मेला! मी ते बंद करून टाकलं.

त्याआधी एका व्हिडिओत एक म्हातारे गृहस्थ सापडले होते. भिंतीशी टेबल मांडून, हळू आवाजात, तापलेल्या हवेबद्दल काहीतरी सांगत होते. चित्र हलत होतं, बघणारेही फारसे नव्हते. बाकी सगळे एक सांगतात आणि हा एकटाच वेगळं सांगतो, म्हणजे हाच चुकला असणार. छापखान्यात चार प्रती जुळल्या की पाचवी रद्द. मी त्यांना रद्द केलं.

आणि इथे मोबाईलवरच्या चार पानांच्या चार प्रती जुळत होत्या. नीटनेटक्या, जाहिरातीविना, लेखकाच्या नावापुढे पदवी, खाली तारीख. चारही ठिकाणी एकच मजकूर: "मेणबत्ती जळताना ग्लासातील ऑक्सिजन संपतो. त्याच्या रिकाम्या जागी पाणी वर चढते. आकृती तीन पाहा." मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. मोठ्या कागदावर ठळक अक्षरात मी तो उतरवून काढला आणि स्वयंपाकघराच्या कपाटावर चिकटवला. आकृती तीन काही सापडली नाही. तिच्यासाठी मी खाली मोकळी जागा सोडली. छापखान्यात तसंच करतात, चित्र मागून येतं.

सूनबाईने पहिल्या दिवशी वाचायला सुरुवात केली. "मेणबत्ती जळताना... ग्लासातील..." आणि थांबली. कागदाकडे बघत राहिली. मग मान हलवली. "नाही."

"अगं, नाही काय? वाच."

"नाही. नाही. गरम." तिने डावा हात ग्लासाच्या आकारात धरला, मग बोटं पसरली. "गरम. बाहेर. मग... मग... खुर्ची."

मी रागावले नाही. बरोबर वाक्य पुन्हा दिलं. तिने पुन्हा मान हलवली. "गरम. बाहेर."

तिच्या सरावाच्या वहीत मी "गरम बाहेर" लिहिलं, त्यावर लाल आडवी रेघ मारली आणि रेघेच्या टोकाला वेटोळं काढलं. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ, हे काढून टाका. ती ते वेटोळं बघत बसली.

असं रोज चाललं. रोज ती त्याच ओळीवर अडायची, रोज मी रेघ मारायचे. एकदा तर तिने कपाटातून मेणबत्त्यांचा पुडा काढला, डाव्या हाताने तीन मेणबत्त्या ओढल्या आणि ताटलीत एकीशेजारी एक ठेवायला लागली. तोंडाने "बघा, बघा" चाललेलं. मला वाटलं, हिला आता एक आणि तीनही कळेनासे झाले. मी तिच्या हातातून दोन मेणबत्त्या काढून घेतल्या, अगदी हळू, गोड बोलून. "एकच असते, बाळा. प्रतीत एकच आहे." तिने मुठीतली दुसरी मेणबत्ती सोडायला वेळ लावला. मी बोट बोट उलगडून ती घेतली.

त्या दिवशी ती जेवली नाही. मुलाने विचारलं तर मी म्हटलं, "आज जरा जास्तच विसरली."

आणि मग एका सकाळी ती उभी राहिली, कागदाकडे न बघता सगळं म्हणाली. "मेणबत्ती जळताना ग्लासातील ऑक्सिजन संपतो. त्याच्या रिकाम्या जागी पाणी वर चढते." कुठे अडखळणं नाही, खुर्ची नाही, काही नाही. मी तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि रडले. मुलाला फोन केला, तो कुठल्याशा अर्ध्यात अडकलेल्या लिफ्टमध्ये होता, तिथूनच ओरडला. मोठ्या बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "देवच पावला. या सोमवारी ठेवू."

घरात पुन्हा जीव आला. मी गुणगुणत भांडी घासायला लागले. एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला मात्र उशीर झाला. जेवणात मीठ पडायचं राहिलं होतं. मुलाने पहिला घास तोंडातच धरला. सूनबाई खाली मान घालून जेवत होती. "अळणी आहे ना गं?" मी विचारलं. "हो," ती म्हणाली. "मग सांगायचं नाही? मीठ देऊ?" "हो." "की नको?" "हो."

तिचं "नाही" गेलं होतं. कधी गेलं, कोणाला माहीत. खिडकी लावू का, हो. उघडू का, हो. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही. मी मुलाला म्हटलं, "ही भांडत का नाही रे आता?" तो म्हणाला, "आई, सुखाने जगू दे. इतकी वर्षं ती भांडते म्हणून तक्रार करत होतीस."

सोमवारच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती झोपली होती. कागदावरची ती मोकळी जागा मला टोचत होती. अशी जागा ठेवून छापखान्यात कागद पुढे गेला तर नोकरी जाईल. म्हटलं, निदान आकृती तीन शोधून काढू. एक पान उघडलं, दुसरं, तिसरं. सगळीकडे "आकृती तीन पाहा" आणि आकृती कुठेच नाही. आकृती एक नाही, दोन नाही, आणि सगळ्यांना तीन हवी. मी चारही पानं एकाखाली एक लावून बघितली. या चार प्रती नव्हत्याच. एकाने कुठूनतरी आकृतीसकट उचललेलं, आकृती वाटेत सांडलेली, आणि उरलेल्या तिघांनी न बघता त्याची री ओढलेली. मी साक्षीदार चार मोजले, आणि साक्ष एकाची होती. बरं, त्या एकाने तरी कधी मेणबत्ती पेटवली होती की नाही?

"आई, कोणी करून बघितलंय का ते?"

मी उठले. ताटलीत पाणी घेतलं, दौतीतली शाई दोन थेंब टाकली म्हणजे नीट दिसेल. मेणबत्ती पेटवली, ग्लास उपडा घातला, चष्मा पुसून नाक लावून बसले. ग्लासाच्या कडेखालून बुडबुडे बाहेर आले. बाहेर! गरम, बाहेर. ज्योत जळत होती तोवर पाणी फारसं हललंच नाही. ज्योत विझली, काच गार व्हायला लागली, आणि मग पाणी सरसर आत चढलं.

फडताळातून मी त्या दोन मेणबत्त्या काढल्या, तिच्या मुठीतून घेतलेल्या. तीन एकत्र लावल्या आणि तोच ग्लास घातला. ग्लास तोच, त्यातली हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच. तो संपल्यामुळे पाणी चढत असेल तर एवढंच चढायला हवं होतं. पाणी पहिल्यापेक्षा कितीतरी वर गेलं. तीन ज्योतींनी हवा जास्त तापवली होती, जास्त बाहेर घालवली होती. ऑक्सिजन थोडाबहुत जळत असेलच, पण पाणी चढवणारा तो नव्हता. माझी सून हेच सांगत होती. रोज सांगत होती. हाताने दाखवत होती. काखेत कळसा होता आणि मी गावाला वळसा घालून, वर त्या कळशावर लाल रेघा मारत होते.

मी कपाटावरचा कागद ओढून काढला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तिला उठवलं. "सूनबाई, तू बरोबर होतीस. माझं चुकलं गं. गरम, बाहेर. तू म्हणायचीस ना? म्हण बघू."

तिने कपाटाकडे बघितलं. तिथे आता नुसते चिकटपट्टीचे डाग होते. ती घाबरली. परीक्षेच्या दिवशी पुस्तक हरवलेल्या मुलीसारखी इकडेतिकडे बघायला लागली, आणि मग घाईघाईने, एका दमात म्हणाली, "मेणबत्ती जळताना ग्लासातील ऑक्सिजन संपतो."

"ते नाही. ते खोटं आहे."

"हो," ती म्हणाली. आणि पुन्हा, जरा मोठ्याने, "मेणबत्ती जळताना ग्लासातील ऑक्सिजन संपतो."

मी तिला ताटली दाखवली. तिने ग्लासातल्या पाण्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या लाल पेनाकडे. मी ते पेन फेकून दिलं. उपयोग नव्हता. मी जे रोज थोडं थोडं करून तिच्यात बसवलं होतं ते आता बसलं होतं. मुलगा आला तेव्हा मी जमिनीवर बसून रडत होते. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, उद्या पाठ आहे. ती आत्ता बोलते आहे. काय बोलते ते नंतर बघू. तू आता एक शब्द काढू नकोस." त्याचंही काही चूक नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

सामानाची टोपली धरायला म्हणून मला वर्गात बसू दिलं. मागच्या बाकावर, मुलांच्या दप्तरांशेजारी. मुलगा बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. पुढे समिती: मोठ्या बाई, विज्ञानाचे सर आणि शिक्षण खात्याच्या कार्यालयातले एक गृहस्थ. माझ्या मांडीवरच्या पिशवीत त्या दोन मेणबत्त्या होत्या. घेताना मी काही ठरवलं नव्हतं. घरी ठेववल्या नाहीत, इतकंच.

सूनबाई फळ्यासमोर उभी राहिली आणि तिची पाठ सरळ झाली. लुळ्या हाताखाली काडेपेटी दाबून तिने डाव्या हाताने काडी ओढली. मेणबत्ती पेटली. ग्लास ठेवला. मुलं माना पुढे काढून बघत होती. पाणी चढलं आणि ती म्हणाली, "मेणबत्ती जळताना ग्लासातील ऑक्सिजन संपतो. त्याच्या रिकाम्या जागी पाणी वर चढते." खणखणीत. मोठ्या बाईंनी डोळे टिपले. सर म्हणाले, "उत्तम! एवढं पुरे आहे." कार्यालयातल्या गृहस्थांनी पेनाचं टोपण काढलं. समोरच्या मुलांनी वाक्य वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली होती.

मूग गिळून बसायचं होतं, फक्त एक सही होईपर्यंत. पण मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. जागा मिळत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. माझी चूक तिच्या तोंडातून बाहेर पडत होती आणि चाळीस वह्यांत उतरत होती. उद्या दुसऱ्या वर्गात, परवा तिसऱ्या. ज्या बाईने जन्मात न बघता एक वाक्य फळ्यावर लिहिलं नाही, ती आता जन्मभर हे म्हणणार होती. मला ते सहन झालं नाही.

मी उठले, बाकांच्या मधून चालत गेले आणि त्या दोन मेणबत्त्या तिच्यासमोर टेबलावर ठेवल्या. तोंडातून शब्द काढला नाही.

"आजी, तुम्ही मध्ये येऊ शकत नाही," सर म्हणाले.

सूनबाईने मेणबत्त्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. ती ओळखीची, चिडकी आठी तिच्या कपाळावर हळूहळू आली.

"नाही," ती म्हणाली.

सगळे थांबले. तिने फळ्यावर हात आपटला. "नाही. मघाचं... नाही. चूक." वह्यांकडे बोट दाखवून पुन्हा, "चूक!"

तिने तिन्ही मेणबत्त्या उभ्या केल्या. काडी दोनदा मोडली. माझे हात शिवशिवत होते, मी ते पदरात गुंडाळून ठेवले. ज्योती पेटल्या, ग्लास बसला, कडेने बुडबुडे निघाले. "बघा," ती म्हणाली. ज्योती विझल्या. पाणी चढलं, मघापेक्षा खूप वर, आणि सगळ्या वर्गाने एकदम श्वास ओढला. ती हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा हसली. मग सांगायला लागली. "गरम. हवा गरम. बाहेर. मग... मग..." ओठ हलत राहिले. "मग खुर्ची. खुर्ची आत."

मुलं खुदकन हसली. तिने डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खुर्चीच आली. उघडलेलं पेन गृहस्थांनी टोपणात घातलं. नियमात तोंडाने सांगणं होतं. पाणी कुठवर चढलं, हे नियमात नव्हतं.

बाहेर आल्यावर मोठ्या बाई माझ्याजवळ आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "आजी, तुम्ही बसून राहिला असतात तर सही झाली होती हो. आता वर्ग नाही देता येणार. सामानाच्या खोलीत काही असेल तर बघते."

मुलगा ऐकत होता. रिक्षात बसल्यावर फुटला. "भूगोलातली नदी डोंगरावर चढू दिलीस ना? मग आजच्या दिवस हे पाणी चढू द्यायला काय झालं होतं तुला?" मला अजूनही कधी वाटतं, माझ्या मनाचं ओझं उतरवायला मी तिची जागा घालवली.

घरी येऊन मी तशीच ओट्याशी उभी राहिले. सूनबाई आत गेली, खुडबुड केली, आणि कचऱ्याच्या डब्यातून तो मोठा कागद काढून आणला. टेबलावर पसरला, लुळा हात उचलून त्याच्या एका टोकावर वजनासारखा ठेवला. हवेत लिहिल्याची खूण केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "खुर्ची."

मी लाल पेन शोधून दिलं.

"ऑक्सिजन संपतो" या ओळीवरून तिने डाव्या हाताने वाकडीतिकडी रेघ ओढली आणि टोकाला वेटोळं काढलं. ते तिला बरोबर जमलं, इतक्या वेळा तिने ते माझ्याकडून बघितलं होतं. मग खालच्या मोकळ्या जागेत चित्र काढायला बसली. ताटली, ग्लास, आत तीन मेणबत्त्या, कडेने छोटे छोटे गोल. जीभ दातांत धरून, बराच वेळ. झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला.

छापखान्यात शेवटच्या प्रूफावर तपासनीसाची सही लागते. मी डोळे पुसले आणि कोपऱ्यात सही करायला पेन टेकवलं. तिने माझं मनगट धरलं.

"नाही," ती म्हणाली. ओठ जुळवत थांबली, शब्द शोधला, आणि तो तिला सापडला. "आधी... करून बघा."

मी पेन ठेवलं आणि ताटली आणायला उठले.